होमस्कूलिंग करणाऱ्या आईची तब्येत आणि उपासना: रोजच्या धावपळीत बसेल असा क्रम

मुलांना घरी शिकवायला घेतलं की पहिल्या काही महिन्यांतच आईच्या तीन गोष्टी हातातून सुटतात: झोप, वेळेवरचं जेवण आणि देवापुढे बसण्याची वेळ. मुलं शाळेत जातात त्या घरात सकाळचे चार-पाच तास तरी मोकळे मिळतात. होमस्कूलिंगमध्ये ते नसतात. शिकवणारी, रांधणारी, आवरणारी आणि भांडणं सोडवणारी बाई एकच असते.

म्हणून वेळापत्रक आखताना कोऱ्या कागदावर आधी आईच्या झोपेची, जेवणाची आणि उपासनेची वेळ लिहा. गणित, भाषा, परिसर अभ्यास त्यानंतर उरलेल्या जागेत बसवा. हे स्वार्थी वाटतं, पण आई आजारी पडली की घरातली शाळा त्याच दिवशी बंद पडते आणि तिच्याऐवजी दुसरं कुणी येणार नसतं. पुढे लिहिलेला क्रम मी वारकरी घर डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे, कारण मला तेच जवळचं आहे. तुमची उपासना दुसरी असेल तर हरिपाठाच्या जागी तुमची प्रार्थना ठेवा; बाकी सगळं तसंच लागू पडेल.

पहिली पायरी: रक्त तपासून घ्या

थकवा, चिडचिड, जिने चढताना धाप, केस गळणं, दुपारी डोळे मिटणं. आपण याला "मुलांमागे धावून होतं असं" म्हणतो आणि सोडून देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. म्हणजे तुमची चिडचिड स्वभावातून येते आहे की हिमोग्लोबिनमधून, हे अंदाजाने ठरवण्यात अर्थ नाही.

डॉक्टरांना विचारून वर्षातून एकदा एवढ्या तपासण्या करा: हिमोग्लोबिनसह रक्ताची पूर्ण तपासणी (सीबीसी), थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर आणि रक्तदाब. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजतात. शाकाहारी घरात बी-१२ कमी निघणं फार सर्रास आहे, कारण ते धान्य-भाज्यांत मिळत नाही, फक्त दूध-दह्यातून थोडं मिळतं. हाता-पायांना मुंग्या, विसरभोळेपणा, जीभ लालबुंद होणं या खुणा दिसत असतील तर ही तपासणी पुढे ढकलू नका. वय ३० च्या पुढे गेलं की गर्भाशयमुखाच्या आणि स्तनांच्या कर्करोगाची तपासणीही विचारून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रांत या वयानंतरच्या तपासणीचा कार्यक्रम असतो.

लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नका. शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरायचं कारण नाही. पोट बांधल्यासारखं झालं तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्या. बऱ्याच बायका इथेच औषध सोडतात आणि वर्षभराने त्याच थकव्यावर परत येतात.

दुसरी पायरी: झोपेची वेळ ठरवा, उठण्याची नंतर

भाविक घरांत पहाटे उठण्याला मोठा मान आहे, आणि तो रास्त आहे. पण रात्री साडेबारापर्यंत दुसऱ्या दिवसाच्या अभ्यासाची तयारी करून पहाटे चारला उठणं म्हणजे साडेतीन तासांची झोप. त्या झोपेवर केलेल्या काकडआरतीनंतर दिवसभर मुलांवर आवाज चढतो. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. पहाटे पाचला उठायचं असेल तर रात्री साडेनऊपर्यंत अंथरूण गाठलं पाहिजे. ते जमत नसेल तर सहाला उठा. देवाला सहाची वेळही चालते.

घरात तान्हं बाळ असेल तर पहाटेचा सगळा नेम बाळ मोठं होईपर्यंत बाजूला ठेवा. बाळ पाजताना मनात "राम कृष्ण हरी" म्हणा, तेवढी उपासना त्या वर्षाला पुरे.

रात्रीचे दोन नियम कामाला येतात. एक, दुसऱ्या दिवशी काय शिकवायचं हे संध्याकाळी चहाच्या वेळी दहा मिनिटांत लिहून टाका. रात्री जेवणानंतर शैक्षणिक व्हिडिओ शोधत बसू नका. दोन, मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि गजराचं साधं घड्याळ आणा.

तिसरी पायरी: उपासनेचे तीन वेळचे तीन प्रकार

सगळी उपासना एकाच बैठकीत करायची म्हटली की लहान मुलांच्या आईला ती बैठक मिळतच नाही, आणि मग "आजही राहिलं" ही खंत लागून राहते. त्यापेक्षा तिचे तीन भाग करा.

सकाळी एकटीने दहा मिनिटं. मुलं उठायच्या आधी, आंघोळ झालेली असो वा नसो, देवघरापुढे आसन टाकून बसा. आंघोळीची अट सोडल्याशिवाय ही दहा मिनिटं मिळत नाहीत असा माझा ठाम अनुभव आहे; हातपाय धुऊन बसलेलं पुरतं. तुळशीची माळ असेल तर एक माळ जप, किंवा ज्ञानेश्वरीच्या एक-दोन ओव्या अर्थासह. फार वाचू नका. एक ओवी दिवसभर मनात राहिली पाहिजे, म्हणून थोडी घ्या.

दिवसभर कामात नाम. हा भाग आपल्या परंपरेने बायकांच्या हाती आयता दिला आहे. जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करत होत्या आणि त्यांचं भजन त्या कामातच चाललं. सावता माळी अरणला आपल्या मळ्यात राबत राहिले आणि तिथेच त्यांना विठ्ठल दिसला. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी रचल्या त्या आपल्या आज्या-पणज्यांकडे तर देवघरात बसायला निवांत वेळ कधीच नव्हता. तेव्हा कणीक मळताना, कपडे वाळत घालताना, मुलगा पाढे लिहीत असताना नाम चालू ठेवा. एक युक्ती सांगते: नाम एखाद्या ठरलेल्या कामाला बांधून टाका. "जमेल तेव्हा घेईन" म्हटलं की दिवस निघून जातो. पोळ्या लाटताना नाम असं ठरलं की लाटणं हातात घेतल्याबरोबर ओठ हलायला लागतात.

संध्याकाळी मुलांसह हरिपाठ. दिवेलागणीला टीव्ही आणि मोबाइल बंद, समई लावलेली, सतरंजी अंथरलेली. ज्ञानेश्वर माउलींचा पूर्ण हरिपाठ चालीवर म्हणायला साधारण अर्धा तास लागतो, आणि पाच वर्षांचं मूल अर्धा तास बसत नाही. म्हणून सुरुवातीला रोज एकच अभंग घ्या, तोच आठवडाभर. धाकट्याच्या हातात टाळांची छोटी जोडी द्या. तो ठेक्यात वाजवणार नाही, मधेच टाळ जमिनीवर गरगर फिरवून बघेल, दोरी तोंडात घालेल. वाजवू द्या. मोठीला पुढची ओळ आधी म्हणायला सांगा, म्हणजे ती घरच्यांना चाल देते आणि तिचं पाठांतर तुम्हाला वेगळं घ्यावं लागत नाही. वर्षाअखेर मुलांच्या तोंडी बराचसा हरिपाठ आलेला असतो, आणि उच्चार, श्वास, लय यांचा सराव त्यात आपोआप होतो.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. हरिपाठाची परीक्षा घेऊ नका. चुकला म्हणून ओरडलं की मूल देवघराकडे पाठ फिरवतं, आणि ते नातं परत जोडायला फार वर्षं लागतात.

चौथी पायरी: ताटात बसून जेवा

दुपारचा एक वाजलेला असतो. मुलांना वाढून झालेलं असतं. आई ओट्यापाशी उभी राहून धाकट्याने टाकलेली अर्धी पोळी, वाटीतला वरण-भात आणि कालची भाजी संपवते, आणि त्यावर कपभर चहा घेते. हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. पोट भरतं, पण त्यात डाळ नावाला असते, कच्चं काहीच नसतं आणि चहा त्या जेवणातलं लोहही शरीराला पुरतं लागू देत नाही.

बदल छोटे आहेत. मुलांबरोबर स्वतःचं ताट वाढून खाली बसा. जेवणावर लिंबू पिळा. आंबट फळातल्या क जीवनसत्त्वाने धान्य-भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. चहा जेवणानंतर किमान तासाभराने घ्या. रोज एक वेळ मोड आलेलं कडधान्य आणि एक वेळ वरण किंवा आमटी जाडसर घ्या, पाण्यासारखी पातळ नको. आठवड्यात तीन-चार वेळा बाजरी किंवा नाचणीची भाकरी करा: बाजरीत लोह चांगलं असतं, नाचणीत कॅल्शियम. थंडीत अळिवाचे लाडू करून ठेवा. गरोदर असाल तर अळीव डॉक्टरांना विचारूनच.

स्वयंपाकाचा वेळ कमी करायला रविवारी एकदाच तीन कामं उरकून ठेवा: दोन कडधान्यं भिजवून मोडाला बांधणं, दाण्याचं कूट, आणि आलं-लसूण-मिरचीचं वाटण. मटकीला मोड येईपर्यंत रोज मुलाला तिचं चित्र काढायला सांगा. त्याचा विज्ञानाचा धडा होतो आणि तुमची उसळ.

एकादशीबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण वारकरी घरात ती महिन्यातून दोनदा येते. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी साबुदाण्याचे वडे, संध्याकाळी बटाट्याचा कीस. हा उपास शरीराला जड जातो. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. साखर पटकन चढते, पटकन उतरते आणि दुपारी डोकं दुखायला लागतं. त्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी किंवा लाही दुधातून, उकडलेलं रताळं, ताक, एखादं फळ असं ठेवा. भगर बंद पाकिटातली, तारीख बघून घ्या आणि धुऊनच शिजवा. उपासाच्या दिवसांत सुट्या भगरीने किंवा तिच्या पिठाने विषबाधा झाल्याच्या बातम्या येत असतात. त्या दिवशी पाणी जास्त प्या आणि मुलांचे अवघड धडे टाळा. कीर्तन ऐकणं, चित्रं, गोष्टी यांना तो दिवस द्या.

मधुमेहाची औषधं चालू असतील, बाळ अंगावर पीत असेल, गरोदर असाल किंवा हिमोग्लोबिन फार खाली असेल तर निर्जळ किंवा कडक उपास करू नका. माळ घातलेली आहे म्हणून अपराधी वाटत असेल तर आपल्या महाराजांना विचारा. बाळंतीण, आजारी आणि लेकुरवाळी बाई यांना सूट देणारेच बहुतेक भेटतील.

पाचवी पायरी: शाळा आटोपशीर ठेवा आणि पुढची चिंता कागदावर उतरवा

शाळेचे सहा तास घरी भरून काढायचे नसतात. वर्गात चाळीस मुलांमागे जो वेळ जातो तो घरी लागत नाही. सहा ते आठ वर्षांच्या मुलाला बैठं काम दीड-दोन तास, दहाच्या पुढच्याला तीन-चार तास पुरतं असं माझं मत आहे. बाकीचं शिक्षण स्वयंपाकघर, बाजार, अंगण आणि पुस्तकं यांत होत राहतं. सकाळी नऊ ते बारा भाषा-गणित, जेवण, मग दोन ते तीन सक्तीची शांत वेळ. या तासाला मुलं झोपतील किंवा आपापल्या जागी पुस्तक, रंग, ठोकळे घेऊन बसतील. आईला हाक मारायची नाही. पहिले पंधरा दिवस मुलं दहा वेळा उठून येतात. शांतपणे परत नेऊन बसवायचं. हा तास आईने पडून राहण्यासाठी वापरावा, घर आवरण्यासाठी नाही.

आईची झोप उडवणारी दुसरी गोष्ट म्हणजे "पुढे दहावीचं काय?" हा प्रश्न. सासरचे विचारतात, शेजारी विचारतात आणि रात्री दोनला स्वतःचं मन विचारतं. याचं उत्तर एकदा लिहून कपाटाला चिकटवा. शिक्षण हक्क कायदा (२००९) सहा ते चौदा वयोगटासाठी आहे आणि त्यात होमस्कूलिंगचा वेगळा उल्लेख नाही. दहावीसाठी दोन मुख्य वाटा आहेत. एक, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस): माध्यमिकच्या प्रवेशासाठी किमान वय १४, सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. दुसरी, राज्य मंडळाची खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरून दिलेली परीक्षा. तिच्या अटी आणि तारखा त्या वर्षीच्या मंडळाच्या सूचनेत वाचून घ्याव्या लागतात. जे मूल शाळेत कधीच गेलेलं नाही त्याला पहिली वाट सोपी पडते. मुलाचा जन्मदाखला, आधार आणि वर्षभराच्या कामाची एक फाइल नीट ठेवली की आज एवढंच करायचं आहे. मूल सात वर्षांचं असताना दहावीची काळजी वाहून कुणाचं भलं होत नाही.

सहावी पायरी: चालणं आणि पाठ

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला आठवड्यात किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम हवा, आणि दोन दिवस स्नायूंना जोर देणारा. घरकाम त्यात धरू नका. त्यात दम लागत नाही, पाठ मात्र दुखते. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस भरभर चाला. मुलांना सायकल द्या आणि तुम्ही मागून चाला. दोन दिवस उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर, आणि जमतील तेवढे सूर्यनमस्कार.

जमिनीवर वाकून शिकवल्याने मान आणि कंबर जाते. मुलाच्या वहीखाली चौरंग ठेवा आणि तुम्ही भिंतीला पाठ टेकून बसा. बाळंतपणानंतर खोकताना-शिंकताना लघवी निसटत असेल तर ती लाजेची गोष्ट नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, त्यासाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात आणि त्यांचा उपयोग होतो.

चालण्याला ध्येय हवं असेल तर आषाढी वारी आहे. चैत्र-वैशाखात रोजचं चालणं वाढवत न्या आणि ज्येष्ठात पालखीबरोबर झेपेल तेवढा टप्पा चाला. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा लांब आहे. लहान मुलांना घेऊन तो पूर्ण चालायला जाऊ नका. सासवड ते जेजुरी किंवा गावाजवळून जाणारा एखादा तुकडा निवडा. टोपी, पाणी, मीठ-साखर, सुके मोजे आणि मुलाच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी एवढं बरोबर असू द्या. त्या महिन्यात वेगळा भूगोल शिकवायची गरज नाही. नकाशावर आळंदी, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, माळशिरस, वाखरी अशी रेघ ओढत जा. माउलींच्या पादुकांना नीरा नदीत स्नान होतं तिथे नदी कुठून येते, कुठे जाते ते बघा. रोजच्या अंतरांची बेरीज मुलाला करू द्या. उपासना, व्यायाम आणि धडा एकत्र आला की आईच्या दिवसातला तेवढा वेळ वाचतो.

सातवी पायरी: घरच्यांना स्पष्ट सांगा

"कुणी समजून घेत नाही" असं मनात धरून बसू नका. काम नेमकं सांगा. सासूबाईंना: "आई, दुपारी दोन ते तीन मुलांना तुमच्याजवळ घ्याल का? गोष्ट सांगा, नाहीतर नुसतं पोथी वाचताना शेजारी बसवा." बहुतेक आज्यांना हे आवडतं, नातवंडांच्या शिकण्यात आपला भाग आहे असं त्यांना वाटतं. नवऱ्याला: "रविवारी सकाळी सात ते दहा मुलं तुझ्याकडे. नाश्ता काय करायचा ते तुम्ही ठरवा." त्या तीन तासांत तुम्ही घरात थांबू नका. देवळात जा, भजनी मंडळात जा, मैत्रिणीकडे जा. भजनी मंडळाचा मला विशेष आग्रह आहे. तिथे तुम्हाला कुणाची तरी आई म्हणून बसायचं नसतं, आणि मोठ्याने गायल्याने छाती मोकळी होते.

परदेशात किंवा परगावी असाल आणि जवळ कुणी नसेल तर आठवड्यातून एकदा दोन-तीन मराठी बायका मिळून व्हिडिओ कॉलवर हरिपाठ म्हणा.

आठवी पायरी: मन खचलं तर

दोन आठवडे किंवा जास्त काळ मन उदास आहे, कशातच गोडी नाही, झोप किंवा भूक बिघडली आहे, मुलांचा आवाजही नकोसा होतो, नाम घेताना काहीच वाटत नाही: याला भक्ती कमी पडली असं समजू नका. हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आला तर घरातल्या माणसाला लगेच सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गोळ्या चालू असताना जप करायला काहीच आडकाठी नाही.

पहिल्या महिन्याचा क्रम

सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात रक्ततपासणी आणि रात्रीची वेळ. दुसऱ्यात सकाळची दहा मिनिटं आणि दुपारी बसून जेवण. तिसऱ्यात शांत तास आणि संध्याकाळचा एक अभंग. चौथ्यात चालणं आणि रविवारचे तीन तास.

कुणाला ताप आला, पाहुणे आले, लग्नसराई आली की हे कोलमडणारच. अशा दिवसांसाठी कमीत कमी एवढं धरून ठेवा: सात तास झोप, दोन वेळचं बसून जेवण आणि पोळ्या लाटतानाचं नाम. अभ्यास त्या आठवड्यात बंद राहिला तरी चालेल. पाहुणे गेले की दुसऱ्या दिवशी रात्रीच्या झोपेपासून परत सुरुवात करा, आणि धडे तिसऱ्या दिवशी उघडा.